वेस्टेज

मकरपुरा जीआयडीसी, शेड एकतीस.
मी होलोग्राम तपासते.
अंगठ्याच्या नखाएवढे चंदेरी चौकोन,
सरळ धरले की ढोल दिसतो,
तिरपे धरले की ढोलातून मासा निघतो.

मलावीला जातात.
तिथे म्हणे कायदाच आहे,
हा मासा चिकटवल्याशिवाय गाण्याची सीडी विकायची नाही.
विकली तर जप्ती, दंड,
आणि भर चौकात नकली मालावरून रोलर.
धनसुखभाई सांगत होते, डबा खाता खाता.

मलावी कुठे ते भाचीच्या नकाशात शोधलं.
तळ्याच्या कडेला चिकटलेला लांबट देश.
नकाशाचं पुस्तक सयाजीगंजात झेरॉक्स केलेलं,
तळं काळंकुट्ट आलं होतं.

अंबूआत्याला कुणी मासा दिला नाही.
दांडियाबाजारात तिची मंगळागौरीची गाणी रेकॉर्ड झाली,
शब्द तिचे, चाली तिच्या,
मिळाले तीनशे रुपये आणि स्टीलचा डबा.
पुढच्या श्रावणात मांडवीला तीच कॅसेट,
वर भलत्याच बाईचा फोटो,
आणि नाव अंबिका टिपनिस. ण सुद्धा चोरला.
आत्याने दोन घेतल्या.
आठ म्हणाला, तिने सात दिले.
मीच ती, हे सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर सात घेतले असते का त्याने,
एवढंच ती नंतर विचारायची.

मग विश्वामित्रीला पूर आला,
कंपनीचं गोदाम गेलं, असली फीत गेली.
आत्याही गेली.
आता तिचा आवाज आहे तो चोराकडचा.
त्याने कुठल्याशा खोलीत, टेपसमोर टेप ठेवून उतरवलेला.
तिसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी होते,
कुणीतरी विचारतं, चहा टाकू?
आमच्या घरातल्या मुली ते गाणं म्हणताना
तिथे थांबतात. शिट्टीपुरतं.

रोल दहा हजारांचा.
चांगले अधिक वेस्टेज, बरोबर दहा हजार.
वेस्टेज दोघांच्या सह्यांनी मशीनमध्ये कातरायचं,
एक इकडेतिकडे झाला तर आख्खी ऑर्डर अडते.
हे मला पाठ आहे. नवीन मुलींना मीच शिकवते.

मंगळवारी एका माशाला शेपूट नव्हतं.

घरी कॅसेटवर तो नीट बसला,
त्या भलत्या बाईच्या कपाळावर.
दिव्याखाली तिरपं धरलं, मासा निघाला, तसाच लांडा.
ज्याला अडवायला आम्ही हे बनवतो
त्याच्याच मालावर मी खरेपणाचा शिक्का मारला,
आणि तोही चोरीचा.
लिलाँग्वेत कुणी बाई गात असेल
तिच्या वाट्याचा एक कमी झाला.
याचं वाईट वाटलं. काढला मात्र नाही.

सकाळी धनसुखभाई रजिस्टर घेऊन उभे.
एक ओछो छे, बेन.
मी चष्मा पुसला.
म्हटलं, पुन्हा मोजा.