आणखी तीन दिवस

एप्रिल संपत आला तरी सुपीरियर सरोवराच्या काठावर
बर्फाची साय होती.
मी वजनमापं तपासत फिरतो, सरकारी शिक्का खिशात घेऊन.
सकाळी पोस्टाचा काटा, दुपारी दोन पेट्रोलपंप,
त्यातला एक गॅलनमागे दोन चमचे कमी देणारा,
आणि मग पुढचा रस्ताच बंद.

बर्फ ढकलणाऱ्या गाडीवरची डॉरिस म्हणाली,
"आगीच्या बंबाच्या जुन्या ठाण्यात जा.
आर्वो निएमी तिथे बिअर करतो.
बरी की वाईट, मला विचारू नकोस. मी कॉफीवाली."

नाव कधी ऐकलेलं नव्हतं. पाटीही नव्हती.
आत, पाण्याचे पाइप वाळत घालायच्या उंच मनोऱ्याखाली
चार टाक्या, सहा स्टुलं,
आणि लोकरी टोपीतला सत्तरीचा माणूस.
"एकच आहे," तो म्हणाला. "अंबर लागर."
ग्लास ठेवला.

रंग पाहून मी आधी काही बोललोच नाही.
इथल्या तांब्याच्या खाणी मिटून जमाना झाला.
सगळं तांबं कुठे गेलं, याचा हिशेब कुणी देत नाही.
थोडं इथे मुरलं असावं.
खिडकीतला मळकट उजेड ग्लासात शिरला
आणि पलीकडून चिंचेने घासल्यासारखा लख्ख निघाला.
फेस बोटभर, काचेला धरून बसलेला.

आर्वो समोरून हलेना.
माझ्या तोंडाकडे पाहत होता,
भिंतीपलीकडे बोलणं चालू असावं आणि कुणी कान लावावा
तसा.
"सांग. काय आहे त्यात?"
"छान आहे."
"सगळे छान म्हणतात. छानला चव नसते."
मग नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवून:
"दोन हिवाळ्यांमागे ताप आला. गेला
तेव्हा हे घेऊन गेला.
कॉफी म्हणजे गरम पाणी.
माझी बिअर म्हणजे गार."

शिक्के मारणाऱ्याला चवीचे शब्द कोण कधी विचारतं?
दुसरा घोट मी जिभेवर धरून ठेवला.
आधी कड, म्हटलं. पावाची,
भट्टीच्या भिंतीला टेकलेल्या बाजूची, खरपूस.
"राईचा पाव?"
नाही, गव्हाचा. पण राई शेजारच्या घरात भाजत असावी.
तो डोळे मिटून मान हलवत राहिला.
मग गोडसर, पण साखरेचं नव्हे,
दुधाच्या पातेल्याच्या तळाची खरवड असते ना, तिचं.
मग कडू. उशिरा येणारं,
दारात जोडे काढून, पाय न वाजवता.
"आणि शेवटी?"

शेवटी होतं काहीतरी.
जिभेच्या मुळाशी, निसरडं.
ते मी सहज गिळून टाकलं असतं.
दुपारी पंपाला लाल पट्टी चिकटवताना
माझा हात अडखळला नव्हता, आता जीभ अडखळली.
"लोणी," मी म्हणालो. "थोडंसं.
नसायला हवं ना?"

कोपऱ्यातल्या स्टुलावर कुणीतरी खोकलं.
आर्वो उठला. माझा ग्लास जिच्यातून भरला होता
त्या टाकीपाशी गेला,
तापमानाचा काटा दोन रेघा वर सरकवला
आणि पत्र्यावर खडूने लिहिलं:
लोणी. आणखी तीन दिवस.
अक्षर शाळेतल्यासारखं गोल.
"सहा आठवडे," तो टाकीलाच म्हणाला.
"सहा आठवडे छान, छान, छान."

पैसे पुरते घेतले.
सुटी नाणी बोटाने चाचपून परत दिली.
मी ग्लास संपवला, लोण्यासकट;
वाईट नव्हता, हेही खरं आहे, आणि ते मी सांगायचं विसरलो.

बाहेर डॉरिसचा पिवळा दिवा रस्ता मोकळा करत निघाला होता.
गाडीत बसून वही काढली.
तीन दिवसांनी मी दोनशे मैल दक्षिणेला,
धान्याच्या कोठारात, ट्रक तोलायच्या काट्यावर.
शाईने लिहिलं होतं.
मी पेन्सिल शोधू लागलो.