हतनूरच्या काठानं

डांबरी रस्ता सरळ पाण्यात उतरला.
“गाव पुढेच आहे,” नावाडी म्हणाला
आणि वल्ह्यानं खाली दाखवलं.

चांगदेवला द्रुपदाबाईंनी कळण्याची भाकर दिली, ठेचा दिला,
विचारलं, “पायी काहून? गाडी नही भेटली का?”
तू हसलास.
मी नकाशाची घडी चुकीची घातली, पुन्हा.

भुसावळात रेल्वेच्या जुन्या बंगल्याला धुराडं.
धुराडं! शेचाळीस डिग्रीच्या गावात!
साहेबानं थंडी घरूनच आणली असणार,
आपण नाशिकहून हा अबोला आणला तसा,
सॅकच्या तळाशी, स्टोव्हखाली.

संध्याकाळी तू शर्ट काढलास.
खांद्यावर पट्ट्याचे लाल वळ.
मी ओला रुमाल ठेवला. थोडा वेळ तसाच धरला.
यार्डात एक इंजिन शंटिंग करत होतं,
मागे, पुढे,
थोडं मागे.