पाणी हलतं ठेवतो

पहिल्या वेळी त्याने अंडी बाहेर लोटली.
सकाळी वाळूवर नारिंगी घोस,
भिजल्या साबुदाण्यासारखा दाण्याला दाणा चिकटलेला,
आणि हा नाकावरचे काटे फुलवून
करवंटीच्या दारात, जणू काही घडलंच नाही.
चहाच्या गाळणीत घेऊन मी ती हवेच्या नळीखाली टांगली.
तिसऱ्या दिवशी सगळ्यांवर कापूस धरला.

म्हापशाचा आग्नेल म्हणाला, नवा बाप आहे,
शिकेल. त्याला कुणी दाखवलंय?

तेरा वर्षं मी खाणीवर पंप चालवला.
चाळीस मीटर खाली, लाल चिखलात,
पाणी साचू द्यायचं नाही, एवढंच काम.
खाण बंद झाली, पंप भंगारात गेले,
आता तिथे हिरवंनिळं तळं आहे,
लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात.
मी डिचोलीत, घरी,
दोन फूट काचेत पाणी हलतं ठेवतो.
सुलक्षा वेर्ण्याला, औषधांच्या कारखान्यात,
दुपारी दीडला कंपनीची बस नेते,
रात्री साडेअकराला आणून सोडते.

शेजारचे पुंडलीकबाब काचेला नाक लावून विचारतात,
"हुमणाक जाता मरे?"
नाही म्हटलं की त्यांना माझी काळजी वाटते.

चवथीनंतर मादी पुन्हा आत गेली.
एक रात्र राहिली,
मग लाकडावरचं शेवाळ खरवडत बसली, मागे न बघता.
यावेळी तो बसला.
पोट अंड्यांवर, शेपटी दाराकडे,
पंखांनी वारा घालत
(पाण्यातल्या वाऱ्याला काय म्हणतात, मला माहीत नाही).
काकडीची चकती काट्याला टोचून दाराशी ठेवली.
आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या रात्री एकच्या सुमाराला अस्नोड्याकडे
काहीतरी धडामकन उडालं, वीज गेली.
पंप गप्प झाला.
ती शांतता मी ओळखतो.
खाणीत ती ऐकली की शिडीकडे धावायचं असायचं.
इथे स्टीलचा पेला घेतला.
बुडवायचा, वीतभर उंचावरून ओतायचा.
बुडवायचा, ओतायचा.
गौतमी टॉर्च धरता धरता खुर्चीत झोपली.
हजारापर्यंत मोजलं, मग मोजणं सोडलं.
टॉर्चच्या पिवळ्या होत चाललेल्या उजेडात
करवंटीतले ते दोन पंख माझ्यापेक्षा भरभर चाललेले,
न थकता. किंवा थकून, काय कळतं?
पाचला सुलक्षा उठली,
न बोलता पेला माझ्या हातातून घेतला.

मग एका दुपारी घोस थरथरला.
अंड्यांना शेपट्या फुटल्या,
पिवळी पिशवी पोटाला, तिच्याच ओझ्यानं खिळलेले.
पिशवी आटली तशी काच भरली.
मी मोजले बेचाळीस.
पुन्हा मोजले तर एकोणचाळीस.
गौतमीचे सेहेचाळीस, आणि ती ऐकायला तयार नाही.

रोज पालक उकडायचा. नळाचं पाणी
रात्रभर बादलीत उघडं ठेवायचं, सकाळी तांब्यातांब्यानं बदलायचं.
एकदा दुधीचा तुकडा आत विसरला, पाणी गढूळ झालं,
सहा गेले. जास्वंदीच्या मुळाशी पुरले,
कुणाला सांगितलं नाही.

आग्नेल म्हणतो, दीड इंच होऊ देत,
नगाला पंधरा रुपये देतो.
हिशेब केला. बॅटरीवरचा पंपही निघत नाही त्यात.

काल बसचा हॉर्न वाजला, चपलांचा आवाज आला.
सुलक्षानं पर्स न ठेवताच मोबाईलचा उजेड काचेवर धरला.
सगळे तोंडानं काचेला चिकटलेले,
पोटं आमच्याकडे, इतकी पातळ
की आत काकडीचा हिरवा दोरा
गोल गोल गुंडाळलेला दिसतो.
ती बराच वेळ बघत राहिली.
"जेवले सगळे," म्हणाली.
मग वळून,
"आणि तू?"