शेवटचा फर्मा

दौलतगंजात, गजकवाल्याच्या माडीवर
इनायतभाई पुस्तकं शिवतात.
महिन्यातून एकदा वाचनालयातली फाटकी
लुनाला बांधून मी त्यांच्याकडे नेते.
खालून तीळ कुटल्याचा आवाज, जिन्यात गुळाचा वास,
वर खळीचा.

माझी मराठी घरातली, ग्वाल्हेरची,
पाव हिंदी, कधी अर्धी.
त्यांची आमच्याच कपाटांतून उतरलेली, इस्त्रीची.
‘आपले आगमन विलंबाने झाले,’ म्हणतात
आणि स्टूल पुसून देतात.

शिवण्याआधी पुस्तक उसवावं लागतं.
सोळा-सोळा पानांचे फर्मे सतरंजीवर सुटे;
जो हाती लागेल तो ते वाचतात.
त्यामुळे त्यांच्या कादंबऱ्यांत माणूस आधी मरतो,
मग सासुरवाडीला जातो,
मग गणितात नापास होतो.
‘काही अडत नाही,’ म्हणतात.

एका सारंगियाच्या आठवणी त्यांनीच माझ्या हाती दिल्या.
पातळ पुस्तक, पदरच्या पैशांनी छापलेलं.
अकरा वर्षांत कुणी नेलं नव्हतं,
वाळवीने मात्र बसल्या जागी वाचलं होतं.
‘फर्मा तिसरा,’ ते म्हणाले, ‘तिथून आरंभ करावा.’

तिसऱ्या फर्म्यात पहाटेची मैफल.
तार तुटते. बाईंना कळू न देता
हा उरलेल्या तारांवर भैरवी पार नेतो.
शेवटी सगळ्यांना शाली,
याला तारेचे साडेतीन आणे.
आणि पुढचं वाक्य एवढंच : तार चांगली मिळाली.
गॅसपाशी उभ्याने वाचलं मी ते.
वरण लागलं. आतून मुलगा ओरडला,
आई, क्या जल रहा है?

बदल्यात मी माझी दिली.
परदेशची, जाडजूड, मराठीत आणलेली,
जिथे प्रत्येकाला तीन-तीन नावं आणि सगळ्यांना सर्दी.
एकोणिसाव्या वर्षी वाचली होती, कंपूच्या इस्पितळात,
बाबांच्या खाटेशी, नर्सच्या खोलीतून
दारातून येईल तेवढ्या उजेडात.
नंतर उघडली नव्हती.

आठ दिवसांनी फोन.
‘शेवटचा फर्मा गहाळ आहे.
मुलगी नदीकाठी उभी आहे. नाव दिसू लागली आहे.
पुढे?’

पुढे नाव रिकामी येते.
नावाडी तिच्या हातात बापाची टोपी ठेवतो
आणि पुस्तक संपतं.

‘उतरतो तो,’ मी म्हणाले.
‘जरा खाँसतो, पण उतरतो.’

पलीकडे नुसता कात्रीचा आवाज, बराच वेळ.
‘उत्तम,’ ते म्हणाले. ‘उत्तम झाले.’

यंदा डिसेंबरात, महाराज बाडा धुक्यात बुडालेला,
तेव्हा माधोगंजच्या शिरवळकरांनी
घर आवरताना निघालेली दोन खोकी पाठवली.
त्यात तीच कादंबरी, शेवटच्या पानासकट.
मी ती तळाशी सारली, वर जुने दिवाळी अंक टाकले.
गठ्ठ्यात कशी गेली, कळलं नाही.

काल दोन्ही प्रती परत आणायला गेले.
एकाच फडक्यात बांधलेल्या.
एक पूर्ण.
दुसरीला शेवटी सोळा पानं कोरी,
हाताला जड, हिशेबाच्या वह्यांना वापरतात तो कागद.

इनायतभाई दोऱ्याला मेण लावत होते.
‘ही कशाला घातली?’
‘पुठ्ठ्याला भार हवा. नाहीतर पुस्तक वाकते.’
मग, वर न बघता,
‘शिवाय त्याला उतरायला जागा लागेल.’

मी खाली आले. पाव किलो गजक घेतली.
लुना तीनदा किक मारूनही सुरू होईना.

आज दाखल-रजिस्टर उघडलं.
प्रत पहिली, पाने चारशे सोळा.
प्रत दुसरी, पाने चारशे सोळा.
शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवून बसले आहे.
समोर पॉलिटेक्निकचा एक मुलगा, मफलर नाकापर्यंत,
दोन्ही हातांत दोन्ही तोलत विचारतोय,
मॅडम, यातली चांगली कुठली?