चौथी शिट्टी

कोकिळा उधन्याला गेली, लेकीच्या बाळंतपणाला.
जाताना माझ्याच मापाच्या खडूनं
डब्यांवर लिहून गेली :
मीठ. साखर. सोडा.
दुसऱ्याच दिवशी ओल्या हातानं मी डबे उचलले
आणि अक्षरं तळहातावर आली.
तेव्हापासून चहाची चव नशिबावर.

चाळीस वर्षं मी लोकांची मापं घेतली,
छाती, कंबर, बाहीची लांबी,
पण चिमूट म्हणजे किती?
फोनवर ती म्हणते, "अंदाजानं."
अंदाज कुठल्या डब्यात ठेवलाय
ते मात्र सांगत नाही.

कळण्याची भाकरी उचलली तर
निम्मी तव्यात, निम्मी माझ्या हातात.
वांगं गॅसवर ठेवलं भरताला,
आधी टोचायचं असतं हे कोणाला ठाऊक!
ढब्ब करून फुटलं,
बिया थेट चष्म्यावर.
भिंतीपलीकडून सुपडूअण्णा : "काय फुटनं भो?"
मी म्हटलं, "काही नाही, स्वयंपाक."

मग मंगळवारी कुकर.
तीन शिट्ट्या, तिनं बजावलं होतं.
मी मशीनवर बसलो, नवरदेवाच्या सफारीला खिसा लावत.
पाय चालू, कान कुकरकडे.
एक.
दोन.
तिसरी झाली की नाही, तेवढ्यात दोरा तुटला.
सुईत ओवेपर्यंत चौथी व्हायला हवी होती,
ती झालीच नाही.
झाला तो आवाज वेगळा.
पारोळ्याच्या किल्ल्यातून कोणी तोफ उडवावी तसा.

डाळ छताला. डाळ पंख्याच्या पात्यांना.
गणपतीच्या तसबिरीला न मागता नैवेद्य.
कॅलेंडरवरची चतुर्थी पिवळी.
या वेळी सुपडूअण्णा दारातून आत आले,
मान वर करून बराच वेळ उभे राहिले.
"वरण वरच गयं भो," म्हणाले,
आणि संध्याकाळी शेवभाजीचं पार्सल ठेवून गेले.

पण ते संध्याकाळी. दुपारी मी
स्टुलावर चढून उलथन्यानं खरवडत होतो.
चुना निघाला, डाग राहिला.
कॅलेंडर तरी पुसू म्हणून खिळ्यावरून काढलं
तर मागे भिंत काळी.

जुनी काजळी.
चुन्याच्या दोन हातांखालूनही वर आलेली,
खाली रुंद, वर निमुळती होत गेलेली.
गळ्यातला टेप मी तिला लावला. सवय.
अठरा इंच उंच, नऊ रुंद.

रॉकेलचा स्टोव्ह गेल्याला वीस वर्षं झाली.
त्या दिवाळीला शिलाईचा ढीग होता,
रात्र रात्र मी मशीनवर,
आणि तिच्या मनगटाला चिंधी,
माझ्याच कातरणीतली, निळ्या शर्टिंगची.
"काय झालं?" मी विचारलं होतं.
म्हणजे, पाय न थांबवता.
"बांगडी लागनी," म्हणाली.
मी पुढची बाही जोडायला घेतली.

वीस कॅलेंडरं बदलली या खिळ्यावर.
दर जानेवारीला ती स्वतःच लावायची,
"तुमना हात तेलकट शे," म्हणायची.
मशीनचं तेल. खरंच होतं ते,
म्हणून मी कधी विचार केला नाही.

रात्री फोन आला.
"डाय शिजनी का?"
"शिजनी."
तिच्या मागे बाळ रडत होतं,
कोणीतरी पाळणा हलवत होतं.
मनगटाचं विचारावं म्हटलं.
तोंडातून निघालं,
"मीठ कोणत्या डब्यात आहे?"
"चाखी देखा ना," ती हसली.

कॅलेंडर पुसलं, होतं तिथे लावलं.
हात धुऊन.
मग खाटेवर पडून वर पाहत राहिलो.
छताला कॅलेंडर टांगता येत नाही.