मापवही

लोकेश बडगुजर. छाती छत्तीस, कंबर अठ्ठावीस,
पँटची उंची बेचाळीस. खाली पेन्सिलीनं : हवालदार.
हे पहिलं पान.
त्या वैशाखात इस्त्रीत कोळसा टाकायची गरज नव्हती.
खाकी मी धुळ्याहून मिळवली, पोलीस लाइनीत ओळख काढून.
मुंबईत त्याला उभं केलं, वळवलं, म्हणाले,
हिरोपेक्षा हवालदार उंच कसा?
खाकी घडीसकट अमळनेरला परत आली.
कॉलरला घामाचा डागसुद्धा नव्हता,
त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

दुसरं पान : नवरदेवाचा धाकटा भाऊ. शेरवानी.
शूटिंगच रद्द झालं.
त्या शेरवानीत पारोळ्याचे दोन, बेटावदचा एक
असे तीन खरे नवरदेव उभे राहिले.
भाडं मी त्याच्या नावावर लिहून ठेवतो.

तिसऱ्या वेळी त्यांना खान्देशातला पोरगा हवा होता,
खान्देशातलाच.
हा बोलला, जशी त्याची आई बोलते, जसा मी बोलतो :
काय करी ऱ्हायना भाऊ, कथा जाई ऱ्हायना?
समोरची बाई चष्मा पुसत म्हणाली,
जरा गावरान वाटू दे ना.
काम पुण्याच्या पोरानं केलं. थेटरात
सगळं गाव हसलं. लोकेशही.
मी पाहिला नाही असं सांगतो. पाहिलाय.

चौथ्या कामाला पान नाही.
त्या दिवशी त्यानं फोन माझ्या दुकानात चार्जिंगला लावला
आणि बोरीच्या पुलापर्यंत जाऊन येतो म्हणाला.
मी पिको करत होतो. मशीनला आवाज असतो.
तीन मिस्ड कॉल, एकच नंबर,
उलट लावला तर लागेना.
कर्जवालास्ना व्हई, म्हणाला.

दिवाळीनंतर स्टँडसमोर पोस्टर लागलं.
असाच सावळा, असाच काटकुळा कोणी, नाकाला हाच बाक.
तो म्हणे आता अमेरिकेच्या पिक्चरमध्ये आहे.
मी कधी विचारलं नाही. यानं कधी काढलं नाही.
पण दुकानात कोणाचा फोन चार्जिंगला असला
की माझा पाय पायडलवर मध्येच थांबतो,
गिऱ्हाईक म्हणतं, काय झालं?

मग मिळालं एकदाचं. मालिकेत. प्रेत.
दोन दिवस पडून राहायचं, श्वास दिसू द्यायचा नाही.
गल्लीनं टीव्हीचा आवाज वाढवला,
जसा काही तो बोलणार होता.
तोंडावर चादर. पाय तेवढे बाहेर.
त्याची आई म्हणाली, हा नव्हे.
मी पुढे सरकलो. पायजम्याची तुरपाई माझी होती,
डाव्या पायाला एक टाका सुटलेला.
तोच शे, म्हणालो.
पोरगा मेलेला पाहून इतकी हरखलेली आई
मी दुसरी पाहिली नाही.

परवा आला. मुंबईची खोली सोडून,
बॅग तीच, चेन मीच बदललेली.
माप घे, म्हणाला.
कोणतं काम?
नुसतं घे.
छाती अडतीस. कंबर तीस. उंची तेवढीच,
ती कमी करता आली असती
तर मी पहिल्याच पानावर केली असती.

वरच्या खणातून खाकी काढली.
घालून पाहिली त्यानं, काखेत अडकली.
उलटी करून त्याला शिवण दाखवली :
दीड बोट माया आत सोडलेली,
तेव्हाच, कोणी सांगितलं नसताना.

बराच वेळ तो त्या पट्टीकडे बघत राहिला.
आतलं कापड नवंच्या नवं, ऊन न लागलेलं.
उसवू? मी विचारलं.
त्यानं हात वर केले.
मी ब्लेड शोधायला लागलो.