अधिक जमिनीला

जनरेटरवर रंगाचे चार थर.
एर्लंडने खरवडून पाहिलं, पाटीच गेलेली.
दोन्ही वायरी डांबरासारख्या काळ्या.
"उणं टोक बॉडीला," तो म्हणाला,
"जगभर तसंच असतं."
आमचं मीटर सँडे बेटावर, टॉर्फिनकडे.
बोट थेट गुरुवारी.

मी घरातून बटाटा आणला.
अर्धा कापून तांब्याच्या दोन तारा खोचल्या,
एक बॉडीच्या बोल्टपासून,
एक ब्रशच्या टोकापासून.
हँडल मारलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन खोकलं,
मग लागलं.

बाबांनी ते शेवटचं बंद केलं त्याला नऊ वर्षं.
पण लोखंड थोडं चुंबकत्व धरून ठेवतं,
शेवटी ज्या दिशेला लावलं त्याच दिशेचं.
कुणी विचारीपर्यंत गप्प असतं, एवढंच.

पत्र्याखालून वारा येत होता.
आम्ही दोघं उकिडवे, बटाट्यावर वाकून,
तापलेल्या पोराजवळ बसावं तसे.
एका तारेपाशी बारीक फेस.
दुसरीपाशी आधी काहीच नाही,
मग शेवाळासारखी फिकट हिरवी कड.
ती तार बॉडीची.

म्हणजे अधिक जमिनीला.

एर्लंड काही बोलला नाही,
बॅटरीचे चिमटे बदलायला गेला.
मला मात्र हसू आलं.
आमच्या घरात जे जास्तीचं,
मासळीची डोकी, चुलीची राख,
वादळाने किनाऱ्यावर टाकलेलं गवत,
ते बाबा आधी जमिनीला देत.
आई चिडायची: घराला काय उरलं?

उरलेला अर्धा बटाटा
रात्री मीठ घालून उकडला.
दिवा थोडा लुकलुकतो अजून.
ब्रश घासायला हवेत.